गोगलगाईंची सोयरीक

ऐन करमा, ९ मार्च १९९१

प्रिय नझीहा,

तुला आठवतं का गं, सिस्टर क्लेमांस आपल्या वर्गाला गफसाहून इथे राखेच्या टेकडीवर सहलीला घेऊन आल्या होत्या? निवडुंगाला फळं धरली होती. सगळ्यांनी ओढण्या भरभरून ती तोडली आणि मग कळलं की सुरी कोणीच आणलेली नाही. तू राखेत बोटं घालून एक करडं, पातळ, बोटभर दगडी पातं उपसलंस आणि एका फेरात फळ सोललंस. सिस्टर म्हणाल्या, "मुलींनो, रानटी माणसाच्या सुरीने कापलेलं खाताय, निदान प्रार्थना तरी करा." आपण प्रार्थना केली आणि कोपरापर्यंत रस गळत असताना हसत सुटलो. कशाला हसलो ते आठवत नाही. त्या वयात हसायला कारण लागत नसे.

आता मात्र घरात हसू नाही. माझ्या भाचीला, कमरला, मागणी आली होती. मुलगा खालच्या आळीतला लझर. उम्मी मबरूकाचा नातू, रेडिओ दुरुस्त करतो, लग्नकार्यात लाउडस्पीकर लावतो. सरळ, हसरा मुलगा. रीतीप्रमाणे त्याचे काका साखर आणि मेंदी घेऊन आले. माझ्या भावाने, सी बलगासिमने, त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. "या घराच्या चुलीवर गोगलगाय शिजत नाही," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथली वंशावळ तू पाहिली आहेस. काचेत मढवलेली, सोनेरी शाईची. बुडाशी चारशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडून उंटावर बसून आलेले आमचे संत पूर्वज, शेंड्याला बलगासिम. (मुलींची नावं त्यात नाहीत. आम्ही बहुधा उंटावरून वाटेत पडलो.)

खालची आळी पाऊस पडून गेला की गोगलगायी वेचते आणि मिरची-पुदिना घालून त्यांची बब्बूश शिजवते, हे काही गुपित नाही. पण आमच्या वरच्या आळीत 'बब्बूशखाऊ' ही आईवरून दिलेल्या शिवीच्या खालोखालची शिवी. कमर दवाखान्यात दिवसभर लोकांना सुया टोचते, घरी येते, आणि बापाचा फेटा धुते. रडत नाही, भांडत नाही. फक्त रोज फेटा धुते आणि रोज नीळ घालते. आता तो आभाळाच्या रंगाचा झालाय आणि बलगासिमला वाटतं मुलगी किती मायाळू. मी तिची आत्या. मला त्या निळीचा अर्थ कळतो. काल मला म्हणाली, "अम्ती, मी दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार नाही. आणि पळूनही जाणार नाही. अब्बांनी हो म्हटलं पाहिजे." आता या दोन अटी एकाच माणसाकडून कशा पुऱ्या करून घ्यायच्या?

असो. विषय निघाला म्हणून विचारते, तुझ्या वरच्या मजल्यावरचा तो संग्रहालयातला भाडेकरू अजून आहे का? यंदाच्या पावसाने राखेच्या टेकडीची एक बाजू कोसळलीय. राखेत शंखच शंख, दगडी पाती, हाडाच्या आऱ्या असं काय काय उघडं पडलंय. लोक गाढवावरून राख नेऊन मळ्यात टाकतायत. शास्त्राची हानी होते गं. त्याला सांगशील? माझं नाव नको घेऊस.

तुझी,
शाद्लिया


ट्युनिस, २१ मार्च

प्रिय शाद्लिया,

शास्त्राची हानी! अगं, तू शाळेत भूगोलाच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायचीस. माझ्या भाडेकरूचं नाव सी मुनीर. वय पंचावन्न, बायको माहेरी गेली ती तिकडेच. केस करडे, आवाज मऊ, आणि जेवायला कोणी बोलावलं की डोळ्यांत पाणी येतं. हे सगळं तुला माहीत आहे, कारण मीच तुला गेल्या ईदला सांगितलं होतं. दगडं पाहायला बोलावतेस ना? बोलाव हो. हबीब भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली, कोणी नावं ठेवणार नाही. मी त्याला टेकडीचं सांगितलं तर उभ्या उभ्या चहा सांडला त्याने. एप्रिलमध्ये विद्यार्थी घेऊन येतोय. वांग्याची भाजी त्याला चालत नाही.

कमरबद्दल मात्र वाईट वाटलं. पण वेडे, रेडिओवाल्यासाठी कशाला जीव टाकायचा? माझ्या हेदीचा भाचा रऊफ आहे ना, कस्टममध्ये साहेब. थोडा टकला आहे, पण टोपी सरकारी आहे, कोणाला दिसत नाही. बलगासिमला असा जावई मिळाला तर वंशावळीवर आणखी एक काच चढवील. मी त्याला पत्र टाकतेच.

तुझी,
नझीहा


ऐन करमा, ३ मे

प्रिय नझीहा,

बलगासिमला पत्र टाकू नकोस. वाचलंस ना? टाकू नकोस. रऊफला माझा आशीर्वाद सांग आणि दुसरीकडे खपव.

सी मुनीर आले. बरोबर विद्यार्थी, चाळण्या, ब्रश, दोऱ्या. त्यांनी टेकडी केकसारखी चौकोनी कापायला घेतली. दिवसभर राख चाळतात आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून निघालेल्या माणसांसारखे करडे होऊन येतात. मी त्यांना रोज जेवू घालते. वांगं घालत नाही. (यावरून तू काय काढशील ते काढ.)

सापडलं खूप. नखाएवढी दगडी पाती, ती म्हणे लाकडात किंवा हाडात ओळीने बसवून विळा करायचे. कातडं खरवडायचे दगड. हरणाच्या हाडाच्या आऱ्या, अजून टोकदार. शहामृगाच्या अंड्याचा चंबू, त्यावर कोणीतरी वेळ घालवायला रेघा ओढलेल्या. आणि गोगलगायी, नझीहा! कोट्यवधी. ती टेकडी म्हणजे दुसरं काही नाही, चूल पेटवून गोगलगायी खाणाऱ्यांच्या शेकडो पिढ्यांचं उष्टं.

हे मुनीरनी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं. "आठ हजार वर्षांपूर्वी तुमचे पूर्वज इथे बसून बब्बूश खात होते."

बलगासिम उठला. "उस्ताद, पाहुणे आहात म्हणून ऐकून घेतलं. माझे पूर्वज उंटावरून आले."

"मग त्यांनी इथे येऊन लग्नं कोणाशी केली?" मुनीरनी अगदी निरागसपणे विचारलं. बलगासिम आठवडाभर चहाच्या दुकानात गेला नाही.

पण मग कवटी निघाली, आणि मागोमाग अख्खा सांगाडा. एका बाईचा. कुशीवर निजवलेली, गालाखाली हात. आपण शाळेच्या वसतिगृहात झोपायचो तशी. मला तिच्याकडे बघवेना. तिचे वरचे समोरचे दोन दात नव्हते. मुनीर म्हणाले, पडलेले नाहीत, वयात आल्यावर मुद्दाम काढलेले आहेत. तो त्यांचा मान होता, खूण होती.

तिथे वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती नेमकी बलगासिमवर थांबली, कारण तो जांभई देत होता. तुला ठाऊकच आहे, त्याचे समोरचे दोन दात तरुणपणी बदाम फोडायच्या पैजेत गेले. तेव्हापासून तो हसताना अंगावरच्या झग्याचं, बुरनुसाचं, टोक तोंडावर धरतो.

"हाजी, ही खूण तुमच्या घराण्यात अजून पाळतात?" पत्रकाराने विचारलं.

बलगासिमने आधी बुरनूस वर नेला. मग त्याला कॅमेरा दिसला. मग पत्रकार म्हणाला की मोठे लोक येतील, रस्ता डांबरी होईल, संग्रहालय होईल आणि त्याला एक मानद रक्षक लागेल. बुरनूस हळूहळू खाली आला.

"पाळतात," बलगासिम म्हणाला. "पण फक्त वडील मुलाने."

तुझी,
शाद्लिया


ट्युनिस, १७ मे

प्रिय शाद्लिया,

फोटो पाहिला! पान तीन. हेदी हसून हसून खुर्चीवरून घसरला, कंबर धरून बसलाय. 'आदिमातेचा वारस', आणि वर बलगासिमचं तोंड उघडं, गफसाच्या खाणीसारखं.

तुझं पत्र उशिरा मिळालं. बलगासिमला मी आधीच लिहून चुकले होते, आणि त्याने उलट टपाली होकारही कळवला. रऊफच्या आईला पाहायला म्हणून त्याने फोटोचं कात्रण जोडलंय. रमजान उलटून गेलाय, उन्हाळ्यात येऊन बोलणी करू म्हणतात. आता रागावू नकोस. कमरला सरकारी घर मिळेल, पंखा मिळेल.

मुनीर रविवारी दोन दिवसांसाठी येऊन गेले. तुझ्या हातच्या कुसकुसाचं फार कौतुक केलं. मी विचारलं, "आणि शाद्लिया?" तर म्हणाले, "त्यांना हाडांमध्ये खोल रस आहे." यापेक्षा प्रेमळ वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही.

नझीहा


ऐन करमा, ६ जून

प्रिय नझीहा,

रागावले आहे. पण तुझ्यावर रागावण्यात वेळ घालवायला मला फुरसत नाही.

गावाला वेड लागलंय. न्हावी अमाराने दुकानात काचेच्या पेल्यात एक दगडी पातं ठेवलंय, 'जगातला पहिला वस्तरा'. मुनीर म्हणाले, हे कातडं खरवडायचं आहे. तो म्हणाला, "मग मी वेगळं काय करतो?" खाटकाने आपला पूर्वज शोधला, शिंप्याने हाडाची आरी टोपीला लावली. पेट्रोल पंपामागे कोणीतरी रोज गारगोट्या फोडत बसतं, आणि बसमधून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना मागच्या गुरुवारची आठ हजार वर्षांपूर्वीची पाती मिळतात. माझा भाऊ जेवताना भाकरी दगडाने कापतो. अंगठ्याला चिंधी आहे.

वंशावळ भिंतीवरून उतरली. कोठीत, जवाच्या पोत्यांमागे, तोंड भिंतीकडे करून. आणि मंत्रीसाहेब वीस तारखेला येणार असं पत्र आल्यावर बलगासिमने तो निर्णय घेतला, जो ऐकून मी हातातली परात खाली ठेवली. तो खालच्या आळीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा. उम्मी मबरूकाच्या दारात. मी मागोमाग गेले, कारण असं दृश्य चुकवणं पाप ठरलं असतं.

"उम्मी मबरूका," तो म्हणाला, "आपण एकाच आदिमातेची लेकरं. मंत्र्यांसमोर दोन्ही आळ्यांनी शेजारी बसावं, एका ताटात बब्बूश खावं, अशी माझी इच्छा आहे."

म्हातारी हलफा गवताची टोपली विणत होती. मान वर केली नाही. "बस, सी बलगासिम. कागद आणलास?"

"कोणता कागद?"

"तोच, सोनेरी. त्यात लिहिलंय ना तुम्ही कधी आलात ते? चारशे वर्षं झाली म्हणे. आमच्याकडे बाबा तसला कागद नाही. कारण आम्ही कधी आलोच नाही. आम्ही होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पाहुणे. पाहुण्यांना आम्ही कॉफी विचारतो. घेणार?"

त्याने घेतली. काय करणार!

हसू नकोस, कारण पुढे वाईट आहे. हाच वारा आता पूर्ण आळीला लागलाय. लझरचे काका, जे साखर-मेंदी घेऊन आमच्या दारात अवघडून उभे होते, ते आता म्हणतात, उपऱ्यांची मुलगी आपल्या जुन्या घराण्यात कशी आणायची? काल कमर संध्याकाळी माझ्याजवळ बसली. "अम्ती, आधी ते आमच्या लायकीचे नव्हते. आता मी त्यांच्या लायकीची नाही. आणि लझर तोच आहे, आणि मीही तीच आहे. मधल्या मध्ये बदललं काय?" मी तिचे हात धरले. निळीने नखं निळी झाली आहेत पोरीची.

तर मला एवढं पाठव. तुझ्याकडचं चांगलं संत्र्याच्या फुलांचं पाणी, मोठ्या दोन बाटल्या. उत्तम कॉफी. आणि तुझी ती पांढरी कशिद्याची चादर, जी तू ताटांवर झाकायला वापरतेस. किती माणसांसाठी, कशासाठी, विचारू नकोस. मंत्री येणार आहेत असं समज.

तुझी,
शाद्लिया


ट्युनिस, १३ जून

प्रिय शाद्लिया,

पार्सल बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय, उभं ठेवायला सांगितलंय. संत्र्याच्या फुलांचं पाणी आणि कशिद्याची चादर! मंत्री म्हणे. माझे केस उन्हात पांढरे झालेत का? मुनीरना सांग, पहिल्या दिवशी ते पाणी जास्त साखर घालून प्यायचं, नवऱ्या मुलाचा शकुन असतो.

आता रऊफचं. रऊफच्या आईने कात्रण वाचलं. काल घरी आल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. "नझीहाबाई, तुम्ही तर म्हणाला होता संतांच्या वंशातली मुलगी आहे. इथे तर लिहिलंय गोगलगायी खाणाऱ्यांच्या वंशातली. आणि घरात दात काढतात म्हणे!" मी समजावलं की फक्त वडील मुलाचे काढतात. त्यावर त्या उठून गेल्या. तेव्हा ती सोयरीक बारगळली. बलगासिमला मीच कळवते. तुला वाईट वाटेल म्हणून आधी तुला लिहिलं.

नझीहा


ऐन करमा, २३ जून

प्रिय नझीहा,

मला वाईट वाटलं नाही. चहा ओतून घे आणि बस. सगळं क्रमाने सांगते.

मंत्री आले नाहीत. त्यांचे सचिव येणार होते, तेही आले नाहीत. सचिवांच्या गाडीचा ड्रायव्हर आला, टंकलिखित भाषण घेऊन. म्हणाला, "साहेबांना कामं आहेत, पण भाषण पोचवायला सांगितलंय." शेवटी त्यानेच वाचलं. बरं वाचलं. 'या ऐतिहासिक क्षणी' आलं की थांबून पाणी प्यायचा.

संग्रहालय म्हणजे जुनं धान्याचं कोठार. चुना लावलेला, मधोमध काचेची पेटी, पेटीत लाल मखमलीवर ती बाई. तिच्याभोवती तिची पाती आणि आऱ्या, एखाद्या नवरीच्या रुखवतासारख्या मांडलेल्या. एका बाजूला बलगासिम पांढऱ्याशुभ्र फेट्यात. (कमरने नीळ सोडली होती त्या दिवशी. त्याने विचारायला हवं होतं, का.) समोर उम्मी मबरूका आणि लझरचे काका. लाउडस्पीकरवर अर्थातच लझर. सगळं गाव दाराशी. मधल्या ताटात बब्बूश. बलगासिमने कॅमेऱ्याकडे बघत एक उचलली, हाडाच्या आरीने मांस ओढलं आणि डोळे मिटून गिळली. मग दुसरी घेतली. मग तिसरी घेताना कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, हे मी पाहिलं.

मग मी मशिदीच्या शेख तय्यबना म्हटलं, "शेख, इतकी माणसं जमली आहेत, या बिचारीच्या नावाने कोणी कधी फातिहा वाचली नसेल." कोणीतरी म्हणालं, ती तर धर्माच्या कितीतरी आधीची. शेख म्हणाले, "दया मागायला तारीख लागत नाही." सगळ्यांनी हात पुढे केले.

"थांबा," मबरूका म्हणाली. लझरने मायक्रोफोन तिच्यापुढे धरला. "आधी एक विचारू दे. मोठ्या बाईच्या समोर विचारते. सी बलगासिम, आमचं घर तुझ्या घराकडे मागणं करतंय. तुझं घर आणि आमचं घर एक व्हावं. तुझा होकार आहे?"

कॅमेरा वळला. नझीहा, मी त्याची बहीण आहे, साठ वर्षं त्याला ओळखते. कॅमेऱ्यासमोर तो नाही म्हणूच शकत नाही. "होकार! एक घर, एक रक्त!" त्याचा आवाज लाउडस्पीकरमधून डोंगरापर्यंत गेला.

"ऐकलंत सगळ्यांनी?" मबरूकाने विचारलं.

"ऐकलं!" गाव म्हणालं.

मग फातिहा वाचली गेली. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी, समोरासमोर बसून, हात उघडे करून, सोयरीक पक्की करताना वाचतात तशीच. 'आमीन' म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि तेवढ्यात दाराशी उभ्या बायकांनी 'झगारीत' घातली, जिभेचा तो लांब किणकिणाट, जो मयताला कोणी घालत नाही. मागून तुझ्या चादरीखाली झाकलेली ताटं आली. संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास सुटला. आणि कमर आली, हिरव्या पोशाखात, मेंदीचे हात पुढे करून, उम्मी मबरूकाच्या आधी तिने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

तिसऱ्या किणकिणाटाला त्याला कळलं.

"ही फातिहा मेलेल्यांसाठी होती!" तो ओरडला.

शेख तय्यबनी दाढी कुरवाळली. "तेही खरं. पण सी बलगासिम, मागणं झालं, होकार झाला, फातिहा झाली, गाव साक्षीला. तुम्ही शुद्धीवर नव्हता असं म्हणत असाल, तर मी तसं लाउडस्पीकरवर जाहीर करतो. लझर, बेटा, मायक्रोफोन दे."

लझरने अदबीने दिला. बलगासिमने त्या मायक्रोफोनकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, लेकीच्या निळसर नखांकडे पाहिलं. आणि खाली बसला. 

तू विचारशील, मबरूका कशी वळली? मी वळवली नाही. कमर त्या आठवड्यात तिच्याकडे गेली, जमिनीवर बसली, आणि वाडगाभर बब्बूश खाल्ल्या. मग म्हणाली, "उम्मी, मीठ कमी आहे." म्हातारी मला सांगत होती, "पाहुणे असं बोलत नाहीत गं. घरचेच असं बोलतात." काकांना तिने काय सांगितलं माहीत नाही, तिच्यासमोर ते काका नसतात, पोरं असतात.

तुझी,
शाद्लिया


ट्युनिस, ४ जुलै

शाद्लिया,

गोगलगाय आणि पोटात पाय! सिस्टर क्लेमांसच्या पहिल्या बाकावरची, मान खाली घालून बसणारी! म्हणजे मुनीर, वांगं न घातलेलं कुसकुस, शास्त्राची हानी, सगळं या एका फातिहेसाठी? आणि मी तीन महिने तुझ्या लग्नासाठी पडदे शिवत होते. खरंच शिवलेत. आता ते कमरला जातील.

मला एक सांग, मला का नाही सांगितलंस? नको, नको सांगूस. मी बलगासिमला दोन तासांत पत्र टाकलं असतं, हे मलाही माहीत आहे.

पण ऐक. काल मुनीर जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, ती बाई आणि ऐन करम्यातलं कोणीही, वरची आळी असो की खालची, यांचं नातं सिद्ध करता येणार नाही. मधे इतकी हजार वर्षं, इतकी माणसं आली गेली. "ती कोणाचीच आजी नाही, किंवा सगळ्यांची आहे. शास्त्राला दोन्ही सारखंच." कोठारात उंदीर आहेत म्हणून कवटी आणि हत्यारं सरकार इकडे आणणार. बलगासिमला कळलं तर तो फातिहा मोडायला निघेल का? मला रात्रभर झोप नाही.

नझीहा


ऐन करमा, २२ सप्टेंबर

प्रिय नझीहा,

त्याला कळलं. निघालाही. शेख तय्यबकडे गेला आणि म्हणाला, "जिच्या साक्षीने होकार दिला ती आमची कोणी नव्हतीच." शेख म्हणाले, "मुलगी तर तुमचीच आहे ना?" तो परत आला आणि त्याने कोठीतून वंशावळ काढून पुसली. पुन्हा टांगली. पुन्हा आमचे संत उंटावर बसले. मबरूकाची आळीही पुन्हा साधी बब्बूशखाऊ झाली, आणि न्हाव्याने तो पेला दाढीचं पाणी भरायला घेतला. पण तोवर ऑगस्ट उजाडला होता, आणि लग्न ठरल्या दिवशी झालं.

छान झालं. लझरने स्वतःच्याच लग्नात लाउडस्पीकर लावला आणि तो दोनदा बंद पडला. तुझे पडदे खोलीला आखूड पडलेत, कमरने खाली निळ्या कापडाची पट्टी जोडली. ती आता हसते, आणि हसताना बोलता बोलता थांबते, आपण हसायचो तशी.

बलगासिम मांडवात होता. पाहुण्यांना या-बसा केलं, पण तोंडात काही घातलं नाही. ना कुसकुस, ना मिठाई, ना पाणी. एका बाजूला खुर्ची टाकून बसला होता, फोटोसाठी बसतात तसा. कमर ताट घेऊन गेली तर म्हणाला, "पोट बरं नाही." ती ताट घेऊन परत आली आणि चुलीपाशी माझ्याजवळ उभी राहिली. तेवढं एकच शल्य आहे तिच्या मनात. तिने त्याचा होकार मागितला होता. होकार मिळाला, पण तो लाउडस्पीकरवरून, आणि ते तिला माहीत आहे.

तो येत्या मंगळवारी तुझ्याकडे येतोय. संग्रहालयाकडे अर्ज करायला, की ती कवटी परत द्या. आता ती त्याची आजी नाही, हे तो मान्य करतो. पण ती "आमच्या गावची बाई" आहे म्हणतो, आणि परक्या शहरात एकटी आहे. मला वाटतं या सबंध वर्षात तो बोलला त्यातलं हे एकमेव खरं वाक्य.

बसच्या ड्रायव्हरबरोबर लग्नाच्या मिठाईचा डबा पाठवतेय. नीट वाच आणि तसंच कर.

वरच्या थरातले बदामाचे लाडू तुझे. हेदीला साखरेचं पथ्य आहे. त्याला फक्त भाजलेले चणे, पुडीत वेगळे आहेत. त्याने डब्यात हात घातला तर तू जबाबदार.

खजुराचे मकरूद सी मुनीरना. त्यांना सांग, वांगी आता स्वस्त झाली आहेत, पण तरी मी घालणार नाही. हिवाळ्यात टेकडीची दुसरी बाजू खणायला यावं. यावर एक अक्षरही बोलू नकोस.

रऊफच्या आईला एक पुडा द्यायचा. आग्रहाने द्यायचा. त्यात गोगलगाय नाही, असं तिने न विचारता सांगायचं.

संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला मूठभर बडीशेपेच्या गोळ्या. त्याला सांग, त्या पेटीतल्या बाईच्या नावाचा हा वाटा आहे. तो स्वतःच खाईल. खाऊ दे, मेलेल्यांचा वाटा सगळीकडे असाच पोचतो.

सगळ्यांत खाली, कमरने आपल्या हाताने रुमालात बांधून ठेवलेलं लग्नाच्या मिठाईचं एक पुडकं आहे. ते तिच्या बापाचं. मंगळवारी तो दमून येईल, अर्ज कोणी घेतला नसेल. जेवायला वाढ, काही विचारू नकोस. मग रुमाल सोडून ताटलीत काढ, त्याच्यासमोर ठेव, कमरकडून आहे एवढंच सांग. तो नको म्हणेल. म्हणू दे. ताटली तिथेच राहू दे, आणि तू उठून स्वयंपाकघरात जा. बराच वेळ भांडी घास.

तुझी,
शाद्लिया